मध मागावा वैशाखात

जांभूळ फुलतं फाल्गुन-चैत्रात. त्याचा मध पेटीत पिकून काढणीला येतो वैशाखात, आणि पावसाच्या आधी, मेअखेरपर्यंत, तो बाटल्यांत भरून झालेला असतो. गावाकडच्या, ओळखीच्या माणसाकडचा मध हवा असेल तर मागायचे दिवस हेच. साताऱ्यात माझ्याकडे मात्र विचारणा होते ती दिवाळीच्या सुमारास, नाहीतर घरात कुणाला खोकला झाला की. "बाई, तुमच्या त्या आबांकडचा मध मिळेल का? आणि तो शंभर टक्के शुद्ध असतो ना?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर तोवर बहुधा 'संपला' असं असतं. दुसऱ्याचं उत्तर दारात उभं राहून देता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. आबा म्हणजे माझ्या एका विद्यार्थिनीचे आजोबा. महाबळेश्वरच्या डोंगरापलीकडे, कोयनेच्या खोऱ्यात त्यांचं घर आहे. भात, थोडी नाचणी, दोन म्हशी आणि वीसेक मधपेट्या असा त्यांचा संसार. पेट्यांतल्या माश्या सातेरी. ही आपल्या सह्याद्रीतली मूळची माशी. एरवी झाडाच्या ढोलीत नाहीतर वारुळाच्या पोकळीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी पोळी बांधते. आबांनी आपल्या बहुतेक वसाहती अशा ढोल्यांतूनच पकडून पेटीत आणल्या आहेत.

मधाची पारख बाटलीपाशी होत नाही, पेटीपाशी होते, हे मी आबांच्या अंगणात शिकले. पेटीला दोन मजले असतात. खालच्या मोठ्या खोक्यात राणी अंडी घालते, पिल्लं वाढतात. वरच्या बुटक्या खोक्यात, म्हणजे मधकोठीत, माश्या जास्तीचा मध साठवतात. मे महिन्यातल्या एका सकाळी आबांनी माझ्यासमोर मधकोठी उघडली. ते पेटीच्या मागे उभे राहतात, दारासमोर कधीच नाही. माश्यांची येण्याजाण्याची वाट अडवली की त्या बिथरतात. धुराड्यात काथ्या पेटवून दोन हलके झोत दिले, झाकण काढलं, आणि कडेची एक चौकट दोन्ही हातांच्या चिमटीत धरून अलगद वर उचलली. तिच्यावर माश्यांचा थर होता. चौकटीला एक झटका दिला, उरलेल्या माश्या मऊ ब्रशने खाली सारल्या आणि चौकट उन्हाकडे धरली. वरच्या भागातली सगळी घरं पातळ, पांढुरक्या मेणाने बंद झाली होती. खालच्या निम्म्या भागातली उघडीच होती. त्यांतला मध उन्हात चकाकत होता.

मला वाटलं, आता ही चौकट बाहेर येणार. आबांनी ती परत जागच्या जागी सोडली. "अजून शील झालं न्हाई, बाई. आठ दिसांनी बघू."

त्या 'शील'मध्ये मधाची निम्मी प्रत ठरते. फुलातून आणलेला मकरंद पाण्यासारखा पातळ असतो. कामकरी माश्या तो एकमेकींच्या तोंडी देत जातात, त्यात आपल्या ग्रंथींतले पाचक रस मिसळतात. त्यामुळे त्यातल्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. मग तो घरांमध्ये पसरून पंखांनी वारा घालून घालून त्यातलं पाणी उडवतात. पाण्याचं प्रमाण साधारण वीस टक्क्यांखाली आलं, की घराला मेणाचं झाकण बसतं. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकातही मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. त्याहून जास्त ओल राहिली तर मधातलेच यीस्ट जागे होतात, मध फसफसतो, आंबूस वास सुटतो. व्यापाऱ्याची गाडी दारात उभी असताना उघड्या घरांचा मध काढणं फार सोपं असतं. वजनही जास्त भरतं. आठ दिवस थांबण्यात नुकसान मधपाळाचं आणि फायदा खाणाऱ्याचा. तेव्हा मध घेताना माझा पहिला प्रश्न हाच असतो: चौकट किती सील झाल्यावर काढता? ज्याला हा प्रश्न कळतो आणि जो "तीन हिस्से झाल्याबिगर हात लावत न्हाई" असं पटकन सांगतो, त्याच्याशी पुढचं बोलणं होतं.

आठ दिवसांनी तीच चौकट बाहेर आली. मागल्या पडवीत, दारं-खिडक्या लावून, कारण मधाच्या वासाने माश्या लगेच माग काढत येतात. गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने आबांच्या सूनबाईंनी मेणाची झाकणं सोलली. चौकटी मधयंत्रात उभ्या बसवल्या. मधयंत्र म्हणजे मोठ्या डब्यासारखं पिंप. आत जाळीचा पिंजरा, बाहेर दांडा. दांडा फिरवला की चौकटी गरगर फिरतात आणि मध उडून पिंपाच्या भिंतीवर आदळतो, तिथून ओघळून तळाशी जमतो. पोळं मोडत नाही, एक पिल्लू मरत नाही. रिकामी चौकट त्याच संध्याकाळी पेटीत परत जाते आणि माश्या ती पुन्हा भरायला घेतात. हे पोळं परत देणं फार मोलाचं आहे, कारण मेण तयार करायला माश्यांना मेणाच्या वजनाच्या कित्येक पट मध खर्ची घालावा लागतो.

पूर्वी, आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी, पोळं कापून हाताने पिळतात. त्यात अंडी, पिल्लं, पराग, मेण असं सगळं एकत्र येतं. तो मध लवकर नासतो आणि ती वसाहत तिथेच संपते. उंच कड्यांवर, मोठ्या झाडांवर, पुलांखाली एकच भलंमोठं पोळं बांधणाऱ्या आग्या माशीचा मध पेटीत मिळतच नाही. ती माशी पेटीत राहत नाही. जंगलात फिरणाऱ्या लोकांकडून हा मध घ्यायला माझी ना नाही, पण पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून पिल्लांचा भाग तसाच ठेवला का, हे विचारल्याशिवाय मी घेत नाही. जाळ लावून अख्खं पोळं उतरवणाऱ्याकडून तर नाहीच. दारोदार बादली घेऊन येणाऱ्यांबद्दल एवढंच सांगते, की बादलीत तरंगणारा पोळ्याचा तुकडा बादलीतल्या पदार्थाबद्दल काहीच सिद्ध करत नाही. गुळाच्या पाकातही तो तितकाच छान तरंगतो.

आता शुद्धतेची परीक्षा. घरोघरी चालणाऱ्या परीक्षा सगळ्यांना पाठ आहेत: पाण्यात थेंब टाका, तळाशी गेला तर खरा, कापसाची वात बुडवून पेटवा, कागदावर ठेवून ओल फुटते का बघा, मुंग्या लागतात का, कुत्रं तोंड लावतं का. रसायनशास्त्राची शिक्षिका म्हणून मी हे ठामपणे सांगते की यातल्या एकाही परीक्षेवर विसंबू नये. पाण्याची आणि कागदाची परीक्षा फक्त घट्टपणा मोजते. साखरेचा पाक पुरेसा आटवला की तो थेंबासारखा तळाशी जातो आणि कागदही ओला करत नाही. उलट सातेरीचा अस्सल मध दमट हवेमुळे मुळातच थोडा पातळ असतो, आणि नेमका तोच कागदावर नापास होतो. म्हणजे या परीक्षेत चोर सुटतो आणि सज्जन अडकतो.

प्रयोगशाळेलाही हे काम सोपं राहिलेलं नाही. ऊस आणि मका या पिकांची साखर मिसळली तर कार्बनच्या समस्थानिकांवरून ती ओळखता येते. म्हणून भेसळ करणारे तांदळापासून केलेल्या पाकाकडे वळले. त्याचा कार्बन फुलांच्या मकरंदासारखाच दिसतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेने बाजारातल्या १३ ब्रँडचा मध जर्मनीतल्या प्रयोगशाळेत 'एनएमआर' पद्धतीने तपासून घेतला. त्यात फक्त तीन ब्रँड पूर्णपणे उतरले. यांतले बरेच नमुने भारतीय मानकाच्या चाचण्यांत आधी पास झाले होते. कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले, वाद झाला, मग विषय मागे पडला. माझ्या मनात मात्र तो राहिला. इतकी महागडी यंत्रं जिथे लागतात, तिथे माझ्या स्वयंपाकघरातली वात काय सांगणार? माझ्यापुरता खात्रीचा एकच मार्ग उरतो: मध कुणी, कुठे, कोणत्या महिन्यात आणि कसा काढला हे ज्याला विचारता येईल, त्याच्याकडून घेणं.

विचारताना एक गोष्ट मनात पक्की असावी. पावसाळ्यात मधपाळ माश्यांना साखरेचा पाक पाजतो. हे ऐकलं की शहरातला माणूस दचकतो, "म्हणजे हा साखरेचाच मध!" असं म्हणून बाटली खाली ठेवतो. महाबळेश्वरच्या परिसरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर दिवसचे दिवस माशी बाहेर पडू शकत नाही, पडली तरी फुलात मकरंद उरलेला नसतो. अशा वेळी पेटीत अन्न नसलं तर सातेरी सरळ घर सोडून उडून जाते, किंवा उपाशी मरते. मग आबा वाटीत पाक करून ठेवतात, वर काटक्या टाकतात, म्हणजे माशी बुडत नाही. विचारायचं ते हे: पाक देताना मधकोठी पेटीवर असते का? आबांच्या पेट्यांवरच्या मधकोठ्या पावसाळा सुरू होण्याआधी उतरवलेल्या असतात, आणि नवा बहर सुरू होऊन पाक बंद झाल्याशिवाय त्या परत चढत नाहीत. जो माणूस "आम्ही साखर कधीच देत नाही" असं या खोऱ्यात राहून सांगतो, त्याच्यापेक्षा "पावसाळ्यात देतो, पण तेव्हा मध काढत नाही" असं सांगणारा मला विश्वासाचा वाटतो.

दुसरा मोठा गैरसमज मध गोठण्याचा. हिवाळ्यात बाटलीच्या तळाशी रवाळ थर बसला की फोन येतात: तुमच्या आबांनी साखर घातली. मध म्हणजे पाण्यात मावेल त्याहून जास्त साखर विरघळलेलं द्रावण. त्यातलं ग्लुकोज फ्रुक्टोजपेक्षा कमी विरघळतं, म्हणून थंडीत तेच आधी स्फटिक होऊन बाहेर येतं. चौदा-पंधरा अंशांच्या आसपास हे सर्वांत वेगाने होतं. मोहरीचा मध तर काही आठवड्यांतच तुपासारखा घट्ट होतो. जांभळाचा बराच काळ पातळ राहतो. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचं प्रमाण फुलाफुलागणिक बदलतं, त्यावर हे अवलंबून. गोठलेला मध तसाच पोळीला लावून खावा, छान लागतो. पातळच हवा असेल तर बाटली कोमट पाण्यात, हाताला सोसेल इतक्याच, तासभर उभी करावी. गॅसवर ठेवू नये. मध तापवला की त्यातली विकरं नष्ट होतात, सुगंध उडतो आणि एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो. मध किती तापवला किंवा किती जुना आहे हे प्रयोगशाळा त्यावरूनच ओळखते. किलोमागे ८० मिलिग्रॅम ही आपली मर्यादा आहे. वर्षभर काचेसारखा नितळ राहणारा मध पाहिला की तो किती तापवला आणि किती बारीक गाळला असेल, याचाच विचार माझ्या मनात येतो.

रंगाचंही तसंच. जांभळाचा मध लालसर गडद, मागे किंचित तुरट-कडवट चव ठेवणारा. त्याच पेट्यांतून हिरडा, गेळा यांच्या बहरात निघणारा मध वेगळा, थंडीत पिसा फुलतो तेव्हाचा वेगळा. कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, पण फुलते तेव्हा डोंगरच्या डोंगर जांभळे होतात. त्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता पेट्या भरतात आणि एरवी मे महिन्यात मध काढणारे आबा दसऱ्याच्या आसपास चौकटी उन्हाकडे धरताना दिसतात. "मागच्या खेपेसारखाच द्या" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते उत्तर देत नाहीत. मला मात्र द्यावंसं वाटतं: सातेरी पेटीपासून जेमतेम दीड किलोमीटर फिरते. त्या दीड किलोमीटरमध्ये यंदा काय फुललं, तेच तुमच्या बाटलीत येतं. दर वर्षी अगदी एकसारखा लागणारा मध अनेक ठिकाणचा माल एकत्र मिसळूनच करता येतो.

किमतीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. परदेशी मेलिफेरा माशी, जी आपल्याकडे सूर्यफूल, तीळ, ओव्याच्या शेतांतून पेट्या ट्रकने हलवत पाळतात, ती चांगल्या फुलोऱ्यावर पेटीमागे वर्षाला पंचवीस-तीस किलो आणि जास्तही मध देते. तो मध खराच असतो. ओव्याचा मध तर मला स्वतःला आवडतो. पण सातेरीची पेटी चांगल्या वर्षी पाच-सात किलो देते, वाईट वर्षी काहीच देत नाही. मेणकिडा लागतो, मुंग्या चढतात म्हणून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे लागतात. शेजारच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर फवारणी झाली की दुसऱ्या दिवशी पेटीच्या दाराशी मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. आबा किलोला आठशे रुपये घेतात. वीस पेट्यांचा हिशेब वाचणाऱ्याने स्वतः मांडून पाहावा, मग घासाघीस करायची की नाही ते ठरवावं. मोजमापाचंही एक सांगते: मध पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड असतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत सुमारे ७०० ग्रॅम मध बसतो. त्यामुळे भाव किलोचा की लिटरचा, हे आधी विचारावं. फसवणूक आणि गैरसमज दोन्ही टळतात.

आबांकडे एका गोष्टीसाठी मी बरीच वर्षं हट्ट धरला: जुन्या दारूच्या नाहीतर सरबताच्या बाटल्या वापरायच्या नाहीत. मध आम्लधर्मी असतो, वास पटकन ओढून घेतो, हवेतली ओलही शोषतो. स्वच्छ, कोरडी, घट्ट झाकणाची काचेची बरणीच हवी. आता त्यांच्या नातीने लेबलं छापून घेतली आहेत. त्यावर काढणीचा महिना, मुख्य फुलोरा आणि अन्न परवान्याचा १४ अंकी नोंदणी क्रमांक असतो. छोट्या घरगुती उत्पादकालाही ही नोंदणी करता येते आणि ती करून घेतलेली असली तर गिऱ्हाइकाला धीर येतो.

या भागात हे सगळं शिकवणारी व्यवस्था जुनी आहे. महाबळेश्वरला १९४६ पासून मधमाशीपालनाचं सरकारी काम चालतं. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथेच आहे. आबांनी तरुणपणी तिथलंच प्रशिक्षण घेतलं. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, मग कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातल्या पाटगावचं नाव आलं. तुमच्या ओळखीचा कुणी आबा नसेल तर अशा गावांत जावं. मात्र बाजारातल्या दुकानातून परतू नये. पेट्या कुठे आहेत ते विचारावं आणि चालत जाऊन पाहाव्यात. दाखवायला कुणी टाळाटाळ करत नाही, फक्त दुपारच्या उन्हात किंवा ढग भरून आल्यावर पेटी उघडायचा आग्रह धरू नये.

आणि एक गोष्ट, जी सांगताना घरातल्या मोठ्यांचा राग मी पत्करते. बाळ जन्मलं की मध चाटवायची आपली रीत आहे. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध देऊ नये, बोटाच्या टोकाएवढाही नाही. कितीही शुद्ध मधात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते निभावून जातं, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतं. आबांच्या पणतूच्या बारशाला मी हे त्यांच्या घरात सगळ्यांसमोर सांगितलं. आजी नाराज झाल्या. आबा म्हणाले, "बाई सांगत्यात तर र्‍हाऊ द्या. मध कुठं पळून चाललाय? पुढल्या वैशाखात चाटंल."

यंदा आमच्या गल्लीतल्या चार घरांनी मिळून आबांना मार्चमध्येच पैसे दिले. तेव्हाच त्यांना मेणपत्रे आणायचे असतात, मोडक्या चौकटी बदलायच्या असतात, आणि हातात पैसा नसला की व्यापाऱ्याची उचल घ्यावी लागते. उचल घेतली की मध त्याच्या भावाने आणि त्याच्या तारखेला द्यावा लागतो, सील होवो न होवो. ठरलं असं, की जांभूळ भरपूर आलं तर प्रत्येक घराला दोन किलो. कमी आलं तर असेल तो मध चौघांत वाटून घ्यायचा आणि उरलेले पैसे पुढच्या वर्षाच्या हिशेबात धरायचे. वळवाच्या पावसाने यंदा अर्धा बहर झोडपून काढला. प्रत्येकी सव्वा किलो आला.